परदेशात टॅब चार्ज होईना? अडॅप्टरला दोष देण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. तुमचं नेमकं कोणतं, ते ठरवा.

एक, अडॅप्टर (आपला चार्जर परदेशी सॉकेटला जुळवणारा जोड) भिंतीत बसला, चार्जर त्यात बसला, तरी टॅबवर विजेची खूणसुद्धा येत नाही.
दोन, खूण येते आणि जाते. हातानं दाबून धरलं तर चार्जिंग चालू, हात काढला की बंद.
तीन, रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी तीस-चाळीस टक्केच. व्हिडिओ पाहत बसलं तर लावलेला असूनही उतरतो.
चार, चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप उघडझाप करते, बोट एकीकडं ठेवलं की दुसरीकडं उमटतं.
पाच, अडॅप्टरला हात लावता येणार नाही इतका तापतो, चटचट आवाज येतो किंवा जळका वास येतो.

पाचवं लक्षण असेल तर मधलं काही वाचत बसू नका. अडॅप्टर काढा आणि थेट शेवटच्या भागाकडं जा.

लातुरात माझं मोबाइल-टॅब दुरुस्तीचं दुकान आहे. ट्यूशन एरियातली पोरं इथलं शिक्षण संपवून एमबीबीएससाठी रशिया, जॉर्जिया, उझबेकिस्तान, फिलिपिन्सला जातात. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणारे आई-वडील असतात, कामाला दुबईला आणि उमराहला सौदीला जाणारे असतात. जाताना पिन, म्हणजे हाच अडॅप्टर, आमच्याकडून नेतात आणि पोचल्यावर दोन दिवसांत फोन येतो: "दादा, टॅब चार्जच होईना की. तिथलं होल्टेज वेगळं हाय म्हणून असंल का?" बहुतेक वेळा होल्टेजचा काही संबंध नसतो. म्हणून फुकटातली तपासणी आधी आणि खर्चाची शेवटी, या क्रमानं खालचं लिहिलं आहे.

सॉकेटमध्ये लाइट आहे का?

हसू नका. सगळ्यात जास्त तक्रारी इथंच मिटतात.

हॉटेलच्या खोलीत दाराजवळच्या खाचेत चावीचं कार्ड घातल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी वीज येत नाही. टॅब चार्जिंगला लावून, कार्ड काढून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत टॅब होता तिथंच. काही हॉटेलांत फ्रिजचं सॉकेट तेवढं कायम चालू असतं. रिसेप्शनला विचारलं तर सांगतात.

अमेरिकेत सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं. पण हॉलमधल्या किंवा बेडरूममधल्या एखाद्या सॉकेटचा वरचा किंवा खालचा भाग दाराजवळच्या बटणावर चालतो. ते बटण टेबललॅम्पसाठी दिलेलं असतं. शिवाय तिकडं बटण वर केलं की चालू, खाली केलं की बंद, म्हणजे आपल्या बरोबर उलटं. आपली आई जाता जाता सवयीनं बटण "बंद" करते आणि मग अडॅप्टर बिघडला म्हणून फोन येतो.

अमेरिकेतच बाथरूम आणि किचनच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं दिसतील, टेस्ट आणि रीसेट. विजेची गळती जाणवली की हे सॉकेट स्वतःहून बंद पडतं. रीसेट दाबलं की परत चालू. किचनमधल्या एका सॉकेटनं दगा दिला तर त्याच्या पुढं जोडलेली सॉकेटही बंद होतात, त्यामुळं बटण शोधायला जरा फिरावं लागतं. रीसेट दाबूनही ते लगेच पुन्हा पडत असेल तर दाबत बसू नका. दोष टॅबचा नाही, त्या घराच्या लाइनचा किंवा तिथं लावलेल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूचा आहे.

ब्रिटनमध्ये आणि तिकडच्या जुन्या हॉटेलांत बाथरूममध्ये दोन पिनांचं एक सॉकेट असतं. त्यावर फक्त शेव्हरसाठी असं लिहिलेलं असतं. आपली पिन त्यात कधी कधी बसतेही. पण ते अगदी थोड्या विजेसाठी केलेलं आहे, टॅबसाठी नाही. ते सोडून द्या.

खात्री करायची तर खोलीतला लॅम्प त्याच सॉकेटला लावून बघा. लॅम्प लागला तर पुढं चला.

केबल आणि टॅबची चार्जिंग पिन

अडॅप्टर तसाच ठेवा, फक्त केबल बदला. नवी घ्यायला जाऊ नका, घरातल्या कुणाची तरी मागून लावा. प्रवासात केबल वळकटी करून बॅगेच्या कोपऱ्यात कोंबलेली असते, डोक्याजवळ तार आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही. दाबून धरलं की चार्ज होणं, या दुसऱ्या लक्षणात निम्म्या वेळा केबलच दोषी असते.

मग टॅब बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च पिनच्या भोकात मारा. पिशवीतला कापसाचा धागा, शेंगदाण्याच्या कुटाचा भुगा, काय वाट्टेल ते तिथं दाबून बसलेलं असतं. लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं काढा. सुई, सेफ्टीपिन किंवा कानातलं घालू नका. आत बारीक संपर्क असतात, एक वाकला की ते काम माझ्यासारख्याच्या टेबलावर येतं आणि परदेशात हातमजुरी किती लागते ते तिकडच्या पोरांना विचारा.

ओलावा असल्याची सूचना स्क्रीनवर येत असेल तर वाळू द्या. हेअर ड्रायर मारू नका.

अडॅप्टरवरचं यूएसबी भोक वापरताय का?

तिसऱ्या लक्षणाचं उत्तर इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

"दीडशे देशांत चालतो" असा जो चौकोनी ठोकळा मिळतो, त्याला बाजूनं दोन-तीन यूएसबी भोकं असतात. लोक चार्जर घरी ठेवतात आणि केबल थेट त्यात खुपसतात. त्या भोकांतून बऱ्याचदा ५ व्होल्ट आणि सगळ्या भोकांत मिळून २.४ अँपिअर मिळतात, म्हणजे एकूण १२ वॅट. त्यात नवऱ्याचा फोन, बायकोचा फोन आणि टॅब असं लावलं तर टॅबच्या वाट्याला चार-पाच वॅट येतात. दहा-अकरा इंची टॅबची बॅटरी साधारण २८ ते ३० वॅट-तासांची असते. पाच वॅटनं भरायची म्हटलं तर हिशोबानंच सहा तास, आणि वाया जाणारं धरून त्याहून जास्त. स्क्रीन चालू असेल तर येणारी वीज स्क्रीनच खाते, बॅटरीच्या वाट्याला काही राहत नाही.

तोच टॅब त्याच्या सोबत आलेल्या २० किंवा २५ वॅटच्या चार्जरवर भराभर भरतो, कारण तो चार्जर टॅबशी बोलून ९ व्होल्टवर जातो. ठोकळ्याच्या स्वस्त भोकाला ती भाषा येत नाही.

म्हणून माझा सल्ला: टॅबचा स्वतःचा चार्जर न्या आणि अडॅप्टरचा उपयोग फक्त पिन बदलण्यापुरता करा. यूएसबी भोकाचे पैसे देऊच नका. हे सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं मी स्वस्तातला माल गळ्यात मारतोय. खरंतर साधी पिन विकण्यात मला कमी सुटतं.

चार्जरवरची बारीक अक्षरं

आता होल्टेजचा मुद्दा. चार्जर उलटा करा, राखाडी रंगात बारीक अक्षरं असतात. "इनपुट" शब्दापुढं १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर जगात कुठंही जा, वीज बदलायची गरज नाही. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या टॅब-मोबाइल चार्जरवर हेच असतं. भारतात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, सौदीत २३० व्होल्ट पण ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही टोकियोकडं ५० आणि ओसाकाकडं ६० हर्ट्झ. चार्जर हे सगळं मुकाट्यानं घेतो.

आपल्याकडं रात्री सगळ्या शेतांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की लाइट डीम होते. बल्बचा नुसता निखारा दिसतो, तरी मोबाइल चार्ज होतच असतो. तोच गुण अमेरिकेत कामाला येतो. आणखी खात्री हवी असेल तर मुंबईला विमान पकडायला जाताना रेल्वेच्या डब्यात चार्जर लावून बघा. बऱ्याच डब्यांतल्या चार्जिंग पॉइंटला ११० व्होल्टच असतात. तिथं चार्ज झाला तर अमेरिकेतही होणार.

ही अक्षरं म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत. घरून निघायच्या आधी चार्जरचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ठेवा. नंतर फोनवर "आई, चष्मा लाव, पुढचं वाच" असं अर्धा तास चालतं, ते वाचेल.

लेबलवर फक्त २२०-२४० असेल, किंवा लेबलच नसेल, तर तो चार्जर अमेरिका, कॅनडा, जपानला नेऊ नका. तिथला नवा चार्जर घ्या, तोच सोपा आणि सुरक्षित मार्ग.

पिन खरंच बसलीय का?

अडॅप्टर म्हणजे पाण्याच्या नळीला लावायचा जोड. तोंड जुळवतो, दाब बदलत नाही. त्यामुळं तो निवडताना बघायचं एवढंच, की पिन त्या देशाच्या सॉकेटमध्ये घट्ट बसते का. दुसऱ्या लक्षणाचा उरलेला अर्धा भाग इथं आहे.

अमेरिका, कॅनडा: दोन चपट्या पट्ट्या. सॉकेट उभ्या भिंतीवर असतं आणि पट्ट्यांवरची पकड कालांतरानं सैल होते. त्यावर जड ठोकळा आणि ठोकळ्यात आपला चार्जर अडकवला की सगळं वजन पुढं झुकतं, संपर्क सुटतो. दाबून धरलं की चार्ज होतं ते यामुळं. इथं छोटी, हलकी पिन हवी. नाहीतर पिनला आपल्याकडची छोटी एक्स्टेन्शन वायर लावा आणि चार्जर जमिनीवर ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या: एका पट्टीचं टोक रुंद असेल तर अशी पिन जपानच्या जुन्या सॉकेटमध्ये जात नाही, कारण तिथली दोन्ही भोकं सारखी असतात. तीन पिनांची अमेरिकन पिनही जपानमध्ये बहुतेक ठिकाणी अडते.

फिलिपिन्सला जाणाऱ्या पोरांसाठी खास सूचना. तिथं सॉकेट अमेरिकेसारखं चपट्या पट्ट्यांचं, पण वीज आपल्यासारखी २२०-२३० व्होल्ट. म्हणजे सॉकेटच्या आकारावरून होल्टेज ओळखता येत नाही. टॅबला याचा फरक पडत नाही. पण अमेरिकेतल्या मामानं दिलेली १२० व्होल्टची एखादी वस्तू, पिन बसते म्हणून तिथं लावली की संपली. तीच वस्तू अडॅप्टर लावून लातुरात चालवली तरी तेच.

रशिया, जॉर्जिया, उझबेकिस्तान, जर्मनी: गोल खोलगट सॉकेट, आत दोन गोल भोकं. आपल्या बऱ्याच टॅब चार्जरच्या पिना बारीक असतात, साधारण ४ मिलिमीटरच्या, बुडाशी काळं आवरण. त्या तिथं थेट बसतात, अडॅप्टर लागतच नाही. आपल्या तीन पिनांच्या टॉपच्या (वायरच्या टोकाच्या प्लगच्या) पिना मात्र ५ मिलिमीटरहून जाड असतात, त्या जात नाहीत. आणि चौकोनी ठोकळ्याची गंमत इथं होते: अंग मोठं, त्यामुळं गोल खोबणीत शिरत नाही, पिना कशाबशा टेकतात. कधी चार्ज होतो, कधी नाही. फ्रान्समध्ये खोबणीतून अर्थिंगची एक पिन बाहेर आलेली असते, तीही ठोकळ्याला अडवते. स्वित्झर्लंडचं सॉकेट षटकोनी, तिथं जर्मनीची गोल टॉपवाली पिन जात नाही, पण बारीक दोन पिनांचा चार्जर जातो. युरोपला जाणाऱ्यांना मी बहुतेक वेळा काही न विकता परत पाठवतो.

ब्रिटन, दुबई, सौदी, सिंगापूर, मलेशिया: तीन चौकोनी जाड पिना. आपलं गोल तीन पिनांचं सॉकेट मूळ ब्रिटिशच, म्हणून लोकांना वाटतं आपली पिन तिकडं चालेल. पण ब्रिटिशांनी १९४७ साली चौकोनी पिनेचं नवं मानक आणलं आणि आपण जुन्यावरच राहिलो. या चौकोनी सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर झडप असते, वरची पिन आत गेली की ती उघडते. आखातात आपली माणसं वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडतात आणि दोन पिनांचा चार्जर आत ढकलतात. मी हे खोलीतल्या फोटोंत बघितलं आहे आणि बघितलं की फोन करून ओरडलो आहे. पेनाची रिफिल धातूची असू शकते, गोल पिन आत नीट धरली जात नाही, ठिणगी पडते आणि पकड कायमची सैल होते. चौकोनी पिनेचा अडॅप्टर तिथल्या किराणा दुकानातसुद्धा मिळतो, तो घ्या. सौदीत जुन्या इमारतींमध्ये अमेरिकेसारखी सॉकेटही दिसतात, तेव्हा उमराहला जाताना चपट्या पट्ट्यांची एक पिन जास्तीची ठेवावी.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड: दोन तिरप्या पट्ट्या. वेगळीच पिन, इथूनच घेऊन जा.

नेपाळ, श्रीलंकेत आपली पिन बऱ्याच ठिकाणी चालते.

यावरून माझं मत तुमच्या लक्षात आलं असेल. एकाच देशात राहायचं असेल तर त्या देशाची एकसंध, न हलणारी पिन घ्या, दोन घ्या, एक हरवते. पाच देश फिरायचे असतील तरच ठोकळा. सरकवून बाहेर काढायच्या पिना जितक्या जास्त, तितकी आत सैल होणारी जागा जास्त. ठोकळा घ्यायचाच असेल तर पिना पुढं काढून खटकन लॉक होतात का बघा आणि दाबल्यावर मागं सरकत असतील तर दुकानदाराला परत द्या. मला दिलात तरी चालेल.

अडॅप्टरचा फ्यूज

पहिलं लक्षण अजून कायम असेल तर ठोकळ्याच्या फ्यूजकडं बघा. बहुतेक ठोकळ्यांत छोटा काचेचा किंवा सिरॅमिकचा फ्यूज असतो, बाजूला झाकण असतं, कधी कधी आत एक जास्तीचाही ठेवलेला असतो. अडॅप्टर भिंतीतून काढा, मगच झाकण उघडा. काचेच्या फ्यूजमधली तार तुटलेली किंवा काच काळी पडलेली दिसली तर तो गेला.

टॅबनं फ्यूज उडत नाही. कुणीतरी त्यावर चहाची केटली, इस्त्री किंवा केस सुकवायचं यंत्र लावलेलं असतं. अंगावर ६ अँपिअर लिहिलेला ठोकळा ११० व्होल्टला ६६० वॅटच झेपवतो. केटली त्याच्या दुप्पट ओढते.

फ्यूज त्याच अँपिअरचा बसवा. आपल्याकडं फ्यूज गेला की तांब्याची तार गुंडाळायची सवय आहे, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नीसुद्धा मी बघितली आहे. लाकडी भिंतींच्या घरात हे करू नका. सोबत दिलेला फ्यूज नसेल तर ठोकळा टाकून द्या.

स्क्रीन वेड्यासारखी चालते तेव्हा

चौथं लक्षण. टॅब बिघडला असं वाटतं, पण चार्जरची केबल काढली की स्क्रीन शहाणी होते. स्क्रीन बोटाचा विद्युतभार ओळखून चालते. स्वस्त चार्जरमधून किंवा ठोकळ्याच्या यूएसबी भोकातून वीज गढूळ येते आणि तो गोंधळ स्क्रीनला बोटच वाटतो. टॅबचा स्वतःचा चार्जर लावा, दुसरं सॉकेट वापरा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. तरीही होत असेल तर चार्जिंग चालू असताना टॅब वापरू नका आणि परत आल्यावर दाखवा.

धातूच्या पाठीच्या टॅबला किंवा लॅपटॉपला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, हेही याच्याच आसपासचं. अर्थिंग पुढं न जाणाऱ्या अडॅप्टरवर तीन पिनांचा लॅपटॉप लावला की ते होतं. त्यासाठी अर्थिंगची पिन असलेला अडॅप्टर लागतो. टॅबच्या दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग लागत नाही.

कनव्हर्टर घ्यावा का?

कनव्हर्टर म्हणजे होल्टेज बदलून देणारं यंत्र. टॅबसाठी तो नको. ऑनलाइन "१६०० वॅट प्रवासी कनव्हर्टर" दिसतो, तो केस सुकवण्याचं यंत्र किंवा इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतो. त्यातला स्वस्त, हलका प्रकार विजेची लाट चिरून देतो, ती चार्जरला मानवत नाही. चार्जरला स्वतःलाच १०० ते २४० चालतं, तर मध्ये आणखी एक यंत्र कशाला? मिक्सर अमेरिकेला न्यायचा असेल तर तो वेगळा विषय. त्याला खरा ट्रान्सफॉर्मर लागतो, वजन बॅगेला पेलत नाही, आणि तिकडचा मिक्सर घेतलेला बरा.

इथं थांबा

जळका वास, काळे डाग, चटचट आवाज, वितळलेलं प्लास्टिक: अडॅप्टर परत वापरायचा नाही, गार झाल्यावरही नाही. सॉकेटवरच काळा डाग असेल तर हॉटेलमध्ये रिसेप्शनला आणि भाड्याच्या घरात मालकाला कळवा, आणि ते सॉकेट कुणाला वापरू देऊ नका. काढताना प्लास्टिक वितळून पिन अडकली असेल तर ओढू नका, त्या खोलीचा ब्रेकर पाडायला सांगा. सॉकेटचे स्क्रू स्वतः उघडू नका. गावाकडं आपण सगळेच थोडे वायरमन असतो, पण ऑस्ट्रेलियासारख्या देशात घरातलं वायरिंग परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननंच करायचं असा कायदा आहे.

वेगळ्या चार्जरवर, वेगळ्या केबलनं, वेगळ्या सॉकेटवर टॅब अर्धा तास लावला आणि तरी काहीच नाही, तर दोष टॅबच्या आत आहे. अडॅप्टरवर आणखी पैसे घालू नका. वॉरंटीत असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच द्या, बाहेर उघडला की वॉरंटीवरून वाद होतो. वॉरंटी संपली असेल आणि महिन्याभरात परत यायचं असेल तर तिथं दुरुस्त न करता घेऊन या.

टॅबची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेनं उचलली गेली असेल, तर ती बॅटरी आहे. चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही. तसा टॅब विमानात नेऊ नका, ना हातातल्या पिशवीत, ना मोठ्या बॅगेत. तिथल्याच सर्व्हिस सेंटरला बॅटरी काढून घ्यायला सांगा. आतला डेटा हवा असेल तर टॅब देण्याआधी विचारा, बॅटरी बदलल्यावर बहुतेक वेळा टॅब परत चालू होतो.